धंदा बसला, उत्पन्न अर्ध्यावर आलं… मग पोटगीचं काय?

कॅश फ्लोच्या व्हिडिओत एका दादांच्या प्रश्नाला मी दोन मिनिटांत उत्तर दिलं होतं. ते अपुरं पडलं, म्हणून इथे सविस्तर.

दादांचं प्रिंटिंगचं दुकान. मोठं गिऱ्हाईक सुटलं आणि महिन्याला हातात पडणारे 60 हजार 28 हजारांवर आले. मुलीसाठी कोर्टाने ठरवलेली पोटगी 12 हजार. त्यांनी मुलीच्या आईला फोन केला, "सध्या सहाच देतो." समोरून "बरं" आलं. आठ महिने असंच चाललं. मग मुलीची फी थकली आणि 48 हजारांच्या वसुलीचा अर्ज लागला. दादा म्हणतात, "अहो, पण ती हो म्हणाली होती!"

फोनवरच्या 'बरं'ने कोर्टाचा आदेश बदलत नाही. तो कोर्टच बदलतं, तेही तुम्ही अर्ज केलात तर. आदेश दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालचा असेल, तर बदलासाठी कलम 127 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिथे हीच कलमं 144 आणि 146 आहेत. घटस्फोटाच्या दाव्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली आदेश झाला असेल, तर त्याच कलमात बदल मागता येतो.

आता आपल्या धंदेवाल्यांची खरी अडचण: कागद. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. तिथे "मार्केट डाऊन आहे" चालत नाही. आयटीआर, जीएसटी रिटर्न, बँक स्टेटमेंट, नफा-तोटा पत्रक, सुटलेल्या गिऱ्हाइकाचा मेल, हे सगळं लावा. टर्नओव्हर म्हणजे उत्पन्न नव्हे, हे सीएकडून आकड्यांत मांडून घ्या. आणि वर्षानुवर्षं रोखीचा धंदा लपवला असेल, तर आता खरं नुकसानही सिद्ध करता येत नाही! नवीन गाडीचा हप्ता दाखवून पोटगी कमी करून मागायला जाल, तर कोर्ट सहसा ऐकत नाही. ती हौस तुमची, फी मुलीची.

हे दार दोन्ही बाजूंनी उघडतं बरं का. तुमचा धंदा वाढला किंवा मुलीचा खर्च वाढला, तर आईही वाढ मागू शकते. ताईंनो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. थकलेल्या रकमेसाठी मात्र वर्षभर थांबू नका. कलम 125 किंवा 144 च्या आदेशात, रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो.

दादा, निकाल लागेपर्यंत जुनाच आकडा लागू आहे. पूर्ण जमत नसेल तर जमेल तेवढे भरा, पण बँकेतूनच, दर महिन्याला. थकबाकीसाठी तुरुंगात गेलात तरी ती माफ होत नाही. गिऱ्हाईक सुटलं त्याच महिन्यात वकिलांना भेटायला हवं होतं. आता या आठवड्यात भेटा, आणि जाताना स्टेटमेंटची फाईल सोबत न्या.