सिलिंडरमधला वास कोणाचा?

जुलैत कोयनानगरला पाऊस लागला की घरांच्या खिडक्या दिवसचे दिवस बंद राहतात. अशा स्वयंपाकघरात गॅस गळू लागला तर आधी कळते ते नाकाला. हा वास कशाचा, असे वर्गात विचारले की आम्हाला हमखास उत्तर मिळते, 'गॅसचा!' खरे तर सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्युटेनला वास जवळजवळ नसतोच. वास असतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथिल मर्कॅप्टनचा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये ते ग्रॅमभरसुद्धा नसते.

इथिल अल्कोहोलच्या रेणूतला ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवला की झाले इथिल मर्कॅप्टन. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, हे मात्र ३५ अंशांनाच. कारण त्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध फार दुबळे असतात. कारखान्यात ते इथिलीन आणि हायड्रोजन सल्फाइडपासून बनवतात. हवेच्या एक अब्ज भागांत त्याचा एखादा भागही नाकाला पुरतो. लसूण, कांदा, हिंग यांचा उग्रपणाही गंधकाच्या अशाच सेंद्रिय संयुगांचा. गंमत अशी, की नावात 'गंध' असलेल्या शुद्ध गंधकाला स्वतःचा वास फारसा नाही!

१८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वासरहित नैसर्गिक वायू तळघरात साठत गेला. कोणालाच पत्ता लागला नाही. स्फोटात सुमारे तीनशे विद्यार्थी आणि शिक्षक गेले. त्यानंतर तिथे वायूला वास देणे कायद्याने सक्तीचे झाले.

सिलिंडर संपत आला की वास वाढतो, हे घरोघरी ठाऊक असते. प्रोपेन-ब्युटेन आधी उडून जातात, मर्कॅप्टन मागे रेंगाळते. तळाशी उरलेल्या द्रवात त्याचे प्रमाण वाढते. शेगडी पेटलेली असताना मात्र वास येत नाही, कारण मर्कॅप्टनही जळते.

हवेत सुमारे दोन टक्के गॅस झाला की एक ठिणगी पुरते. वास त्याच्या बराच आधी येतो, पण नाक त्याला लवकर सरावते. सर्दीत तर ते कामाचेच नाही. म्हणून शेजारीण दारातून म्हणाली, 'गॅसचा वास येतोय', आणि आपल्याला येत नसला, तरी तिचे ऐकावे. रेग्युलेटर बंद करावा, विजेच्या बटणाला हात लावू नये. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. तेव्हा नुसती वरची खिडकी नव्हे, दारही सताड उघडावे, पाऊस आत आला तरी.