भिंतीतला चार्जर

लातूरच्या शिकवणी परिसरातली एखादी भाड्याची खोली बघावी. तीन कॉट, तीन मोबाईल, एखादा टॅब आणि भिंतीवर बोर्ड एकच, तोही दाराशी. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने मराठवाड्यातून आणि बाहेरूनही मुलं इथं येतात, खोली करून राहतात, आणि आल्या आल्या बाजारातून आणतात ते एक्स्टेंशन. बोर्डावर मल्टीप्लग, मल्टीप्लगवर एक्स्टेंशन आणि त्याची वायर कॉटखालून थेट उशीपर्यंत. नांदेडच्या खोल्यांतही याहून वेगळं काही दिसत नाही. अशा घरांचे मालक आता नवं बांधकाम काढलं की वायरमनला आवर्जून सांगतात, प्रत्येक कॉटच्या उशाशी यूएसबीचा पॉइंट द्या.

पॉइंट दिला जातो, पण तो नेमका काय असतो याची कल्पना देणाऱ्यालाही असते असं नाही. सॉकेट म्हणजे नुसती पितळी पट्टी. आलेली वीज ती तशीच पुढे देते. यूएसबीच्या पॉइंटामागे मात्र अख्खा चार्जर बसवलेला असतो. घरात येते ती २३० व्होल्टची, सेकंदाला १०० वेळा दिशा पालटणारी वीज. फोनला हवी असते ५ किंवा ९ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी. हे रूपांतर करणारं सर्किट एरवी चार्जरच्या डबीत असतं. इथं ते प्लेटच्या मागे, सिमेंटच्या खोबणीत दडलेलं असतं.

परदेशात बऱ्याच ठिकाणी सॉकेट आणि यूएसबी एकाच तुकड्यात येतात. आपल्याकडच्या मॉड्युलर बोर्डाने यूएसबी बसवण्याचं काम सोपं केलं आहे. यूएसबीचा तुकडा स्वतंत्र मिळतो आणि एका किंवा दोन मॉड्यूलची जागा घेतो. आठ किंवा बारा मॉड्यूलच्या प्लेटवर एखादी जागा ब्लँक लावून बुजवलेली असतेच. अशा वेळी भिंत फोडावी लागत नाही. वायरमन एमसीबी पाडतो, टेस्टरने खात्री करतो, वरची प्लेट स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचकटतो, फ्रेमचे स्क्रू सोडवतो आणि ब्लँक मागून ढकलून काढतो. तिथं यूएसबीचा तुकडा ‘टक्’ आवाज होईपर्यंत दाबायचा, फेज एखाद्या स्विचमधून द्यायची आणि शेजारच्या सॉकेटवरून न्यूट्रल आणायची. फेज स्विचमधूनच हवी. थेट जोडणी केली की काम दोन मिनिटं आधी संपतं, पण तो पॉइंट मग कधीच बंद करता येत नाही.

अडचण येते ती जुन्या घरांत. माळवदाच्या किंवा दगडी भिंतींच्या घरात वायरिंग पट्टीतून, भिंतीवरूनच फिरवलेलं असतं आणि बोर्ड लाकडी किंवा सनमायकाचा असतो. त्यात मॉड्युलर तुकडा बसत नाही. पेटी आणि प्लेट दोन्ही बदलावं लागतं. नव्या पेटीची खोलीही पाहावी लागते. यूएसबीचा तुकडा साध्या स्विचपेक्षा मागे जास्त लांब असतो, आणि उथळ पेटीत वायरी कोंबून प्लेट दाबली की वायरींवर ताण येतो.

‘एवढं तर मीच करतो’ म्हणणारे हौशी प्रत्येक घरात असतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा नियमांनुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच अशा वस्तू जशाच्या तशा बदलायला मोकळीक आहे. मांडणीत भर घालायची किंवा फेरबदल करायचा तर ते काम परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हायला हवं. घरमालकाने तर इथं हौस करूच नये, कारण त्या पॉइंटाला हात लावणार असतात दुसऱ्यांची मुलं.

खरी निराशा होते ती वेगाची. पहिल्या पिढीतल्या बऱ्याच तुकड्यांवर २.१ अँपिअर लिहिलेलं असतं. ५ व्होल्टने गुणलं की होतात साडेदहा वॅट, आणि भोकं दोन असतील तर बहुधा हे दोघांत मिळून. ५,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास वीज मावते. वाया जाणारी धरली तर एकटा फोन भरायला अडीच-तीन तास हवेत. दोन फोन एकदम लावले की रात्र गेली. ज्यांच्या फोनवर ‘सुपर फास्ट’ची जाहिरात वाचून पैसे मोजलेले असतात, ते मग वायरमनला बोल लावतात. ओप्पो, वनप्लस, रियलमी या कंपन्यांचा अतिवेगवान चार्ज त्यांच्या स्वतःच्या पद्धतीने चालतो. त्याला त्यांचाच चार्जर आणि त्यांचीच केबल लागते. भिंतीतल्या पॉइंटवर तोच फोन साध्या चालीने भरतो. यात वायरमनचा दोष नाही.

म्हणून आज नवा पॉइंट घ्यायचा तर सी-टाईपचा घ्यावा, आणि त्यावर ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी) व निदान १८ ते २० वॅट लिहिलेलं असावं. आयताकृती जुन्या ए-टाईपचा काळ सरत आला आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून नव्या मोबाईलना सी-टाईप सक्तीचं केलं. ॲपलने २०२३च्या आयफोन १५मध्येच ते स्वीकारलं होतं, आणि भारतीय मानक ब्युरोनेही सी-टाईपचं मानक जाहीर केलेलं आहे. अनेक नव्या फोनच्या खोक्यात दोन्ही टोकांना सी-टाईप असलेली केबल येते. ती जुन्या भोकात जातच नाही. दहा वर्षांपूर्वी हौसेने ए-टाईपचे पॉइंट बसवलेल्या घरांत म्हणूनच आज त्या पॉइंटच्या शेजारीच चार्जर लावलेला दिसतो.

मराठवाड्यात वेगळा विचार करायचा तो उन्हाचा आणि विजेचा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. चार्जरमधला सगळ्यांत नाजूक भाग म्हणजे कपॅसिटर. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ठोकताळा आहे. पश्चिमेच्या भिंतीत किंवा फ्रिजमागे हा पॉइंट देऊ नये. आणि वळवाचा पाऊस आला की? कडकडाट सुरू झाला की साधा चार्जर उपटून ठेवता येतो. भिंतीतला उपटता येत नाही, आणि नुसता स्विच बंद केल्याने वायरीतून येणारा मोठा झटका थांबेलच असं नाही. त्या खोलीचा एमसीबी पाडणं हा तातडीचा उपाय. वितरण पेटीत सर्ज प्रोटेक्टर बसवणं हा कायमचा.

लाईट जाण्याचं काय? इथं भिंतीतल्या चार्जरचा एक फायदा सहसा कुणी घेत नाही. वायरिंगच्या वेळीच तो इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतला तर लाईट गेली तरी फोन भरत राहतो. दहा-वीस वॅटचा भार पंख्यापेक्षा कमी असतो, इन्व्हर्टरला तो जाणवतही नाही. बिलाचीही काळजी नको: ५,००० एमएएचचा फोन एका युनिटमध्ये चाळीसेक वेळा भरतो. रिकाम्या पॉइंटने सतत एक दशांश वॅट खाल्ली, तरी वर्षाचं एक युनिट होत नाही. स्विच बंद ठेवायचा तो बिलासाठी नव्हे, आतलं सर्किट रात्रंदिवस तापू नये म्हणून.

आता थोडं घराबाहेर. लातूरजवळच्या हरंगुळच्या रेल्वे डबा कारखान्यात स्लीपर वंदे भारतचे डबे बांधायचे आहेत, आणि या गाडीच्या बंगळूरला बांधलेल्या नमुन्यात वाचायच्या दिव्यातच यूएसबी दिलेला होता. गाडीतल्या चार्जिंगला आगीची धास्तीही चिकटलेली आहे: पश्चिम रेल्वेने मार्च २०२१मध्ये रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवायचं ठरवलं होतं. सार्वजनिक पॉइंटवरून फोनमधली माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२च्या आर्थिक फसवणुकीवरच्या पुस्तिकेत दिला आहे. यूएसबीच्या तारेतून विजेबरोबर माहितीही वाहते, म्हणून ही शंका. घरच्या तुकड्यात माहितीच्या तारा कुठल्याच संगणकाला जोडलेल्या नसतात. तिथं ही भीती नाही. स्थानकावर मात्र आपला चार्जर साध्या सॉकेटमध्ये लावणं बरं.

पुन्हा घरात यायचं तर, साधा स्विच वर्षानुवर्षं टिकतो. यूएसबीचा तुकडा त्याच्या कितीतरी आधी जातो. म्हणूनच नुसत्या यूएसबीच्या भरवशावर कॉटचा उसा सोडू नये, शेजारी एक ६ अँपिअरचं सॉकेट हवंच. वायरिंगची मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने, तपासणी होणार असेल तर हे तुकडे आधी सुटे करायला सांगावं. त्या यंत्राचा ५०० व्होल्टचा दाब आतलं सर्किट जाळू शकतो. आणि खरेदीचं खोकं फेकू नये. एका कंपनीचं मॉड्यूल दुसरीच्या फ्रेममध्ये सहसा बसत नाही, कधी कधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मालिकेतही नाही. तुकडा जळाल्यावर दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो प्लेट कुठली आहे हा, आणि त्याचं उत्तर त्या खोक्यावर छापलेलं असतं.