डीएसएलआर आणि सुपरझूम कॅमेऱ्यांची तुलना

डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स, संक्षेपाने डीएसएलआर, आणि सुपरझूम हे डिजिटल कॅमेऱ्यांचे दोन भिन्न प्रकार आहेत. डीएसएलआरची लेन्स काढून दुसरी बसवता येते, तर सुपरझूमची लेन्स कॅमेऱ्याला कायमची जोडलेली असते आणि एकट्या तिच्यातच रुंद दृश्यापासून अतिदूरच्या दृश्यापर्यंतचा पल्ला सामावलेला असतो. वापरलेला जुना डीएसएलआर आणि त्याच्यापेक्षा नवा सुपरझूम पुष्कळदा सारख्याच किमतीला मिळतात. त्यामुळे छायाचित्रण शिकू पाहणाऱ्यांपुढे या दोहोंतून निवड करण्याचा प्रश्न वारंवार येतो. ही निवड बहुधा झूमच्या किंवा मेगापिक्सेलच्या आकड्यावरून केली जाते. प्रत्यक्षात ती मुख्यतः विषयाकडून येणारा किती प्रकाश लेन्स आत घेऊ शकते यावर अवलंबून असते, आणि विषय जवळ आहे की दूर यानुसार तिचे उत्तर उलटते.

पार्श्वभूमी

डीएसएलआरमध्ये लेन्समागे तिरका आरसा असतो. तो प्रकाश वर वळवून व्ह्यूफाइंडरमध्ये पोहोचवतो. शटर दाबल्यावर आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. ही मूळ रचना फिल्मच्या कॅमेऱ्यांपासून चालत आलेली आहे. १९९९ मध्ये आलेला निकॉन डी१ हा व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी होता. २००३ मध्ये कॅननने ईओएस ३००डी हा मॉडेल १,००० अमेरिकी डॉलरपेक्षा कमी किमतीत आणला आणि हौशी लोकांच्या हाती डीएसएलआर येऊ लागला. निकॉनचा डी४० हा नोव्हेंबर २००६ मध्ये जाहीर झालेला मॉडेल याच वर्गातला. त्यात ६ मेगापिक्सेलचा, २३.७ × १५.६ मिलिमीटर आकाराचा सीसीडी सेन्सर आहे.

सुपरझूममध्ये आरसा नसतो. सेन्सरवरील प्रतिमा पडद्यावर किंवा छोट्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते. यातले काही कॅमेरे खिशात मावतात, तर काही दिसायला डीएसएलआरसारखेच असतात आणि त्यांना ब्रिज कॅमेरा असेही म्हणतात. कॅननच्या पॉवरशॉट एसएक्स५० एचएस या मॉडेलने २०१२ मध्ये ५० पट झूम दिला. २०१५ मध्ये आलेल्या निकॉन कूलपिक्स पी९०० चा झूम ८३ पट होता. २०१८ च्या पी१००० ने तो १२५ पटींपर्यंत नेला. या लेखातील आकडेमोड डी४० आणि पी९०० या दोन मॉडेलांवर आधारलेली आहे. दोघांची उत्पादक कंपनी एकच आहे, आणि पी९०० ची सोळा मेगापिक्सेलची क्षमता पाहून डी४० कालबाह्य झाला असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

झूमच्या आकड्याचा अर्थ

‘८३ पट’ म्हणजे वस्तू डोळ्याला दिसते त्याच्या ८३ पट मोठी दिसणे नव्हे. लेन्सच्या सर्वांत मोठ्या नाभीय अंतराला सर्वांत लहान नाभीय अंतराने भागले की हा आकडा मिळतो. पी९०० च्या लेन्सचे नाभीय अंतर ४.३ ते ३५७ मिलिमीटर आहे. ३५७ भागिले ४.३ म्हणजे ८३. डी४० सोबत वापरल्या जाणाऱ्या ५५–२०० मिलिमीटर लेन्सचा झूम या हिशेबाने चार पटही भरत नाही, तरीही ती दूरचे दृश्य टिपण्यासाठीच बनवलेली आहे.

जाहिरातीत पी९०० चा पल्ला २४ ते २,००० मिलिमीटर असा लिहिलेला असतो. हे आकडे ‘समतुल्य’ आहेत, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर तेवढेच दृश्य मिळवण्यासाठी जी लेन्स लागली असती तिचे. पी९०० चा सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे हाताच्या करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो, म्हणून खऱ्या नाभीय अंतराला सुमारे ५.६ ने गुणावे लागते. डी४० साठी हा गुणक १.५ आहे. त्यामुळे २०० मिलिमीटरची लेन्स त्यावर ३०० मिलिमीटरसारखी वागते. ८३ पटींच्या पुढे पी९०० मध्ये १६६ पटींचा जो ‘डायनॅमिक फाइन झूम’ दाखवला जातो, तो सॉफ्टवेअरने केलेला आवर्धनाचा भाग आहे. त्यातून लेन्सने न टिपलेला तपशील निर्माण होत नाही.

प्रकाशाचा हिशेब

लेन्सचा एफ-अंक म्हणजे नाभीय अंतर भागिले प्रभावी छिद्राचा व्यास. हा संबंध उलटा वापरला की एखाद्या लेन्सचे ‘तोंड’ प्रत्यक्षात किती मोठे आहे ते काढता येते. एकाच अंतरावरून, एकाच चौकटीत, एकाच शटर-वेगाने दोन छायाचित्रे घेतली तर ज्या लेन्सचे छिद्र मोठे तिने विषयाकडून जास्त प्रकाश गोळा केलेला असतो. अंधूक जागी घेतलेल्या चित्रात जो रंगीत दाणेदारपणा दिसतो, ज्याला नॉइज म्हणतात, तो प्रामुख्याने गोळा झालेल्या एकूण प्रकाशाच्या कमतरतेतून येतो.

रुंद दृश्याच्या टोकाला पी९०० ची लेन्स ४.३ मिलिमीटर आणि एफ/२.८ असते. छिद्राचा व्यास सुमारे १.५ मिलिमीटर. डी४० सोबत मिळणारी साधी १८–५५ लेन्स १८ मिलिमीटरवर एफ/३.५ देते, म्हणजे सुमारे ५.१ मिलिमीटर. क्षेत्रफळाचे गुणोत्तर सुमारे ११ पट येते. एफ-अंक केवळ वाचला तर २.८ हा ३.५ पेक्षा ‘तेजस्वी’ वाटतो. सेन्सरचा आकार लक्षात घेतला की चित्र पालटते. डी४० ला ३५ मिलिमीटर एफ/१.८ ही २००९ मध्ये आलेली लहानशी लेन्स लावली तर छिद्र १९ मिलिमीटरच्या वर जाते. तेवढेच दृश्य टिपताना पी९०० चे छिद्र साडेतीन मिलिमीटरही भरत नाही, आणि फरक तीस पटींच्या घरात पोहोचतो. नव्या सेन्सरची रचना प्रकाशाचा अधिक चांगला उपयोग करते हे खरे. पण इतकी मोठी तफावत तिने भरून निघत नाही. लग्नघरातील संध्याकाळ, रंगमंचावरचा प्रयोग किंवा दिव्याच्या उजेडात खेळणारे मूल यांच्या बाबतीत म्हणूनच जुना, सहा मेगापिक्सेलचा कॅमेरा आजही सरस ठरतो. सहा मेगापिक्सेल कमी वाटतात, पण ३,००८ × २,००० पिक्सेलांतून इंचाला ३०० पिक्सेल या प्रमाणाने सुमारे १० × ६.७ इंचांची स्वच्छ छपाई होते.

दूरचा विषय

मोठा सेन्सर नेहमीच चांगला, असे छायाचित्रणाच्या चर्चेत सरसकट म्हटले जाते. दूरच्या विषयाच्या बाबतीत हे विधान टिकत नाही. पी९०० ची लेन्स पूर्ण लांब केल्यावर ३५७ मिलिमीटर आणि एफ/६.५ होते, छिद्राचा व्यास जवळपास ५५ मिलिमीटर. डी४० वरील ५५–२०० लेन्स २०० मिलिमीटरला एफ/५.६ असते आणि तिचे छिद्र सुमारे ३६ मिलिमीटर भरते. म्हणजे दूरवरच्या एकाच पक्ष्याकडून सुपरझूम दुपटीहून अधिक प्रकाश मिळवतो, जरी त्याचा सेन्सर तेरापट लहान असला तरी.

चंद्राचे उदाहरण घेतल्यास हा फरक मोजता येतो. चंद्राचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश आहे. २०० मिलिमीटर लेन्सने डी४० च्या सेन्सरवर त्याची प्रतिमा १.८ मिलिमीटर व्यासाची उमटते, आणि या सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल सुमारे ७.९ मायक्रोमीटरचा असल्याने चंद्राच्या वाट्याला आडवे जेमतेम २३० पिक्सेल येतात. एक पिक्सेल चंद्रावरील १५ किलोमीटर व्यापतो. पी९०० मध्ये हीच प्रतिमा ३.२ मिलिमीटरची, आणि १.३४ मायक्रोमीटरच्या पिक्सेलांमुळे सुमारे २,४०० पिक्सेलांची होते. अर्थात या २,४०० पिक्सेलांपैकी प्रत्येकात स्वतंत्र तपशील नसतो. प्रकाशाच्या विवर्तनामुळे एफ/६.५ ला एका बिंदूचा ठिपका जवळपास ८.७ मायक्रोमीटर इतका पसरतो, म्हणजे सहाहून अधिक पिक्सेल रुंद होतो. तरीही ५५ मिलिमीटरचे छिद्र चंद्रावरील साधारण ५ किलोमीटर अंतरावरच्या खुणा वेगळ्या दाखवू शकते. डी४० आणि ही लेन्स यांच्याकडून ते होणे नाही.

डी४० ला ७०–३०० मिलिमीटर एफ/४.५–५.६ ही लेन्स लावली, तर छिद्र सुमारे ५४ मिलिमीटरचे होऊन प्रकाशाच्या बाबतीत बरोबरी होते. पण जुन्या सेन्सरचे भरड पिक्सेल आड येतात आणि चंद्र सुमारे ३४५ पिक्सेलांपलीकडे जात नाही. हीच लेन्स २०१२ मधील २४ मेगापिक्सेलच्या डी३२०० वर लावल्यास ही संख्या ७०० च्या आसपास पोहोचते. म्हणजे येथे उणेपणा डीएसएलआर या प्रकाराचा कमी आणि कॅमेऱ्याच्या वयाचा अधिक आहे.

उन्हाळ्यातील दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असते आणि अर्धा-एक किलोमीटरवरचा विषय पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. तेथे कोणत्याही कॅमेऱ्याचा इलाज चालत नाही. सकाळची वेळ गाठावी लागते.

फोकस आणि हलणारे विषय

छिद्राच्या हिशेबात न येणारी एक गोष्ट म्हणजे वेग. डीएसएलआरमध्ये मुख्य आरशाच्या मागे दुसरा लहान आरसा असतो. तो थोडा प्रकाश खाली असलेल्या स्वतंत्र फोकस-सेन्सरकडे पाठवतो. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमांमधील अंतरावरून फोकस कोणत्या दिशेला आणि किती चुकला आहे हे एकाच मोजणीत कळते. पी९०० सारख्या कॅमेऱ्यात मुख्य सेन्सरवरील प्रतिमेची स्पष्टता पाहत लेन्स पुढेमागे सरकवली जाते. स्पष्टता वाढून पुन्हा घटू लागली की योग्य जागा मागे राहिली हे समजते. स्थिर विषयावर ही पद्धत अचूक आहे. उडणाऱ्या पक्ष्यावर मात्र लेन्स शोध घेत राहते आणि पक्षी निघून जातो. शिवाय २,००० मिलिमीटरच्या अरुंद दृश्यात हलणारा पक्षी चौकटीत धरून ठेवणेच कठीण असते, आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर प्रत्यक्षाच्या क्षणभर मागे असतो. डी४० मध्ये फोकसचे तीनच बिंदू आहेत, आणि सलग छायाचित्रांचा वेग सेकंदाला २.५ एवढाच, पण त्याच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून दिसते ते त्याच क्षणाचे.

महाराष्ट्रातील दोन ठिकाणांवरून हे स्पष्ट होईल. उजनी जलाशयाच्या काठी भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी उथळ पाण्यात चरत असतात. ते दूर असतात, पण संथ चालतात आणि ऊन भरपूर असते. सुपरझूमसाठी याहून अनुकूल परिस्थिती नाही. भीमाशंकरच्या दाट झाडीत शेकरू डोक्यावरच्या फांद्यांतून उड्या मारत जातो. तेथे उजेड कमी, विषय चपळ आणि अंतरही फारसे नाही, एफ/६.५ ला शटरचा वेग पुरत नाही.

सुपरझूमच्या लेन्समधील कंपन-रोधक यंत्रणा हाताची थरथर सावरते. पी९०० साठी कंपनीचा दावा पाच स्टॉपचा आहे. तिच्यामुळेच हातात धरून २,००० मिलिमीटरला छायाचित्र घेणे शक्य होते, कारण एरवी अशा लेन्ससाठी सेकंदाच्या २,००० व्या भागाइतका वेग लागला असता. मात्र ही यंत्रणा कॅमेऱ्याची हालचाल सावरते, शेकरूची नव्हे. डी४० च्या बॉडीत असे काही नाही. ती सोय लेन्समध्ये असेल तरच मिळते.

वजन, फाइल आणि इतर बाबी

सुपरझूम हलका असतो ही समजूत सर्वत्र खरी नाही. पी९०० चे वजन बॅटरीसह सुमारे ९०० ग्रॅम, तर डी४० च्या बॉडीचे बॅटरीविना ४७५ ग्रॅम आहे. छोटी लेन्स लावूनही डी४० हलकाच राहतो. ७०–३०० लेन्स एकटीच ७४५ ग्रॅमची आहे, तेव्हा दूरच्या छायाचित्रणासाठी पारडे फिरते. डी४० रॉ फाइल देतो, म्हणजे सेन्सरवरील माहिती जवळपास जशीच्या तशी जतन होते आणि रंग व उजेड नंतर दुरुस्त करता येतात. पी९०० केवळ जेपीईजी देतो (एसएक्स५० आणि पी१००० मध्ये रॉची सोय आहे). दुसरीकडे डी४० मध्ये व्हिडिओ नाही, पडद्यावर पाहून चित्र घेण्याची सोयही नाही. डीएसएलआरमध्ये व्हिडिओ प्रथम आला तो २००८ च्या निकॉन डी९० मध्ये.

वापरलेला कॅमेरा घेताना

डी४० च्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यामुळे बाजारात स्वस्त मिळणारी ५० मिलिमीटर एफ/१.८डी ही लेन्स त्यावर बसते, पण तिचा फोकस हातानेच करावा लागतो. लेन्समध्येच मोटर असलेल्या, एएफ-एस अशी खूण असलेल्या लेन्सवरच स्वयंचलित फोकस चालतो. अनेक नवशिके ग्राहक ही गोष्ट लेन्स विकत घेतल्यावर शिकतात. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये शटर किती वेळा उघडले याची नोंद छायाचित्राच्या फाइलमध्ये असते आणि ती संगणकावर वाचता येते. लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसते, आणि डी४० मध्ये ती झटकणारी यंत्रणा नाही. एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचे एक छायाचित्र घेतले की धुळीचे ठिपके दिसतात. ते सहसा साफ करता येतात.

सुपरझूममध्ये तपासणीची जागा वेगळी आहे. लेन्सची नळी मोटरने आतबाहेर सरकते, आणि तिच्या सांध्यांतून शिरलेली वाळू किंवा धूळ दात्यांत अडकते. लेन्स पूर्ण लांब करून परत मिटवताना आवाज किंवा अडखळणे जाणवल्यास सावध राहावे. ही लेन्स वेगळी काढता येत नसल्याने ती बिघडली की संपूर्ण कॅमेरा निकामी होतो, आणि जुन्या मॉडेलच्या दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. डीएसएलआरची बॉडी बंद पडली, तरी तिच्या लेन्स दुसऱ्या बॉडीवर वापरता येतात.