कुंडीतली कीड आणि घरातले विष

घोडबंदर गावातल्या एक आजी गेली कित्येक वर्षे माझ्याकडे येतात. गुडघे आणि रक्तदाब एवढीच त्यांची तक्रार. सकाळी आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायचे आणि चार-पाच पाने खुडून तोंडात टाकायची, हा त्यांचा जुना नेम. पावसाळा सरत आला असताना एका सकाळी त्यांचा मुलगा त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आला. "पित्त उसळलंय डॉक्टर, सारख्या उलट्या होतायत," तो म्हणाला.

मलाही प्रथम तसेच वाटले. पण आजींच्या तोंडातून लाळ गळत होती, लुगडे घामाने भिजले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते. बॅटरी मारून पाहिले तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या. पित्ताने बाहुल्या आकसत नाहीत. "घरात काही फवारलंय का?" मी विचारले. मुलगा गप्प. मागे उभ्या असलेल्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "तुळशीला कीड लागली होती. काल संध्याकाळी औषध मारलं. पण आईंना सांगायचं राहिलं."

ते औषध रोपे विकायला येणाऱ्या एका माणसाने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून दिलेले होते. बाटलीवर नाव नाही, चिठ्ठी नाही. लिटरभर पाण्याला एक झाकण, असे तो सांगून गेला होता. कीड फार दिसली म्हणून सूनबाईंनी तीन झाकणे घातली. बाटली मागवून झाकण उघडले तर रॉकेल आणि लसूण एकत्र केल्यासारखा उग्र वास आला. आजींना अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन देऊन मी लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. चार दिवसांनी त्या सुखरूप घरी आल्या. वेळेवर आणल्या म्हणून.

आपल्या सदरात आज कुंडीतल्या किडीवर लिहितो आहे ते एवढ्यासाठी. हा विषय शेतीच्या पानावरचा आहे असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडे कुंडी असते गॅलरीत, गॅलरीला लागून स्वयंपाकघर, आणि त्याच ग्रिलवर पोराचे कपडे वाळत घातलेले. शेतात फवारलेले वाऱ्यावर थोडेफार उडून तरी जाते. चार फूट रुंदीच्या गॅलरीत फवारलेले घरातच येते.

या प्रकारच्या औषधांना ऑर्गेनोफॉस्फेट म्हणतात. आपल्या शरीरात नस आणि स्नायू यांच्यामध्ये निरोप पोहोचवणारे एक रसायन असते. निरोप पोहोचला की ते तिथल्या तिथे मोडून टाकणारे दुसरे रसायन असते. ही औषधे या दुसऱ्याचे काम बंद पाडतात. मग निरोप संपतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांचे पाणी वाहत राहते, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास अडकतो. किडा मरतो तो असाच, आणि माणूसही असाच. फरक फक्त मात्रेचा.

२०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. घरात, कुंड्यांवर मारायला ज्याच्या-त्याच्याकडे असायचे ते डायक्लोरव्हॉस आणि कुंडीच्या मातीत मिसळायचे दाणेदार फोरेट, म्हणजे लोक ज्याला थायमेट म्हणतात ते, या दोन्हींवर केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली आहे. फोरेटची गोष्ट आणखी वाईट. ते मुळांतून शोषले जाऊन पानांत उतरते. पान कितीही धुतले तरी आतले विष जात नाही. तुळस, कढीपत्ता, पुदिना, गवती चहा हे आपण पोटात घेतो, आणि आपल्या गॅलऱ्यांत जास्त करून हेच तर असते! घराच्या माळ्यावर अशी जुनी बाटली किंवा पुडी असेल तर ती मोरीत ओतू नका. कीटकनाशकाच्या परवानाधारक दुकानदाराला किंवा कृषी कार्यालयात विचारून तिची वाट लावा.

आता मूळ प्रश्न. मग किडीचे करायचे काय?

आपल्या भागात सर्वांत जास्त तक्रार असते ती जास्वंदीवरच्या पांढऱ्या कापसाची. तो कापूस नव्हे, बुरशीही नव्हे. तो पिठ्या ढेकूण. कोवळे शेंडे, कळ्या, पानांचे बेचके येथे तो ठाण मांडतो आणि रस शोषतो. त्याच्या अंगावर मेणाचे पीठ असते, त्यामुळे वरून मारलेले औषध थेंब-थेंब होऊन ओघळून जाते आणि लोक औषध आणखी कडक करतात. चूक होते ती इथे. मोठ्या किड्याला मेणाचे चिलखत असले तरी अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्ले उघडी असतात. ती साध्या साबणाच्या पाण्यानेही मरतात. फक्त सगळी अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत. म्हणून एकदा जोरात मारण्यापेक्षा दर सात दिवसांनी, असे तीन-चार वेळा हलके मारावे लागते. क्षयाच्या रोग्याने दोन आठवड्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडाव्यात, तशी आपली माणसे दुसऱ्या फवारणीला कंटाळतात.

माझी स्वतःची पद्धत सांगतो. आमच्या घरी सहा कुंड्या आहेत आणि त्यांची मालकी सौ.कडे आहे, माझ्याकडे फक्त कंपाउंडरचे काम. आधी जास्त लागण झालेले शेंडे कात्रीने कापून पिशवीत बांधून टाकतो. जिन्याखाली फेकत नाही, नाहीतर शेजाऱ्यांच्या जास्वंदीवर पाहुणे जातात. मग दवाखान्यातल्या स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून एकेक ढेकूण पुसून काढतो. स्पिरिटने मेण विरघळते आणि किडा जागच्या जागी तपकिरी पडतो. जवळपास गॅस, निरांजन, उदबत्ती पेटती नसावी एवढे पाहायचे. दुसऱ्या दिवशी लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक छोटा चमचा घालून पानांच्या खालच्या बाजूने नीट भिजेल असे मारतो आणि तासा-दोन तासांनी साध्या पाण्याने धुऊन टाकतो. कपडे धुण्याची पावडर मात्र नको, तिच्या सोड्याने पाने करपतात. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस पाहावे. उन्हात कधीच मारू नये, संध्याकाळ बरी.

एवढे करूनही पंधरा दिवसांत कापूस परत दिसला तर मुंग्या पाहा. पिठ्या ढेकूण आणि मावा रस पितात आणि गोड चिकट पाणी बाहेर टाकतात. मुंग्यांना ते हवे असते. त्या बदल्यात त्या या किडींना राखतात, त्यांच्या शत्रूंना हुसकावतात आणि पिल्ले उचलून दुसऱ्या फांदीवर नेऊनही ठेवतात. कुंड्या तिवईवर ठेवून तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्यांची वाट बंद होते. (त्या वाट्यांबद्दल पुढे बोलायचे आहे.) पानांवर काजळीसारखा काळा थर दिसतो तोही याच चिकट पाण्यावर वाढलेल्या बुरशीचा. कीड गेली की तो ओल्या फडक्याने पुसून जातो, त्यासाठी वेगळे औषध नको.

एक सूचना. पिठ्या ढेकणांच्या गर्दीत त्यांच्यासारखाच पांढरा, पण मोठा, झिपऱ्या-झिपऱ्यांचा आणि भरभर चालणारा किडा दिसला तर त्याला मारू नका. तो क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याचे पिल्लू असू शकतो आणि ढेकूण हेच त्याचे जेवण. हा ढालकिडा १८९८ साली कॉफीच्या मळ्यांसाठी ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. अलीकडचे उदाहरण पपईचे. पपईवरचा परका पिठ्या ढेकूण २००८ साली तामिळनाडूत दिसला आणि पुढे पुणे भागातल्या बागांतही पोहोचला. औषधांनी तो हटेना. शेवटी २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आणून सोडल्या, तेव्हा तो आटोक्यात आला. तीच कीड जास्वंदीवरही येते. गॅलरीत कडक विष मारले की आधी हे मदतनीस मरतात.

बाकी किडींचे थोडक्यात. मावा, म्हणजे कोवळ्या शेंड्यावर दाटीने बसलेले हिरवे-काळे ठिपके, नळाच्या जोरदार धारेनेच निम्मा जातो. युरिया जास्त घातला की शेंडे लुसलुशीत होतात आणि मावा हमखास येतो, तेव्हा आधी खताचा हात आवरावा. पांढरी माशी पान हलवताच उडते. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून कुंडीजवळ टांगला की चिकटते. पाने निस्तेज होऊन बारीक जाळे दिसले तर लाल कोळी. हा किडा नव्हे, कोळ्याच्या जातीचा, म्हणून किड्यांची बरीच औषधे त्याला लागू पडत नाहीत. त्याला कोरडी, तापलेली हवा मानवते. खाडीच्या दमट वाऱ्यात तो कमी, एसीच्या खोलीतल्या शोभेच्या झाडांवर जास्त. पानांची खालची बाजू रोज पाण्याने धुवावी. मातीवर चिलटे उडत असतील तर दोष पाण्याचा. वरची माती बोटभर सुकू द्यावी, मगच पाणी घालावे. तुळशीवरचे बारीक काळपट ढेकूण पानामागे बसतात, पाने वळतात आणि वाळतात. तिथे औषध नकोच. लागलेले शेंडे मंजिऱ्यांसकट छाटावेत, उरलेले झाड धारेने धुवावे. तुळस जोमाने फुटते.

घरगुती म्हणून जे-जे सांगितले जाते ते सगळे निरुपद्रवी, अशी आपली एक गोड समजूत आहे. तंबाखूचा काढा मारा, असे चांगले शिकलेले लोक सांगतात. तंबाखूतले निकोटिन हे जुन्या काळचे नामांकित कीटकनाशक आहे आणि ते कातडीतूनही अंगात जाते. तंबाखूची ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात त्या याच कारणाने. घरात तो काढा उकळत ठेवणे आणि उरलेला बाटलीत भरून ठेवणे मला धोक्याचे वाटते. कडुनिंबाचे तेल चांगले. लिटरभर पाण्याला एक छोटा चमचा तेल आणि ते मिसळावे म्हणून साबणाचे थोडे थेंब. पण तेही पोटात घ्यायचे नाही. तान्ह्या बाळाला सर्दी-खोकल्यावर कडुनिंबाचे तेल पाजल्याने झटके येऊन मूल दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि ती तेलाच्या बुधल्यांपासून दूर ठेवा.

आता त्या वाट्या. कुंडीखालची ताटली आणि तिवईखालची वाटी यांत साठलेले स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाचे बाळंतपणाचे घर. त्याची अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करून काथ्याने घासावी. मुंग्यांच्या वाट्यांत साबणाचे पाणी ठेवावे.

कीटकनाशक विकत घेण्याची वेळ आलीच तर परवाना असलेल्या दुकानातून, सीलबंद आणि लेबल असलेलेच घ्यावे. लेबलावर रंगीत चौकोन असतो. लाल म्हणजे अति जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. घरासाठी लाल आणि पिवळ्याला हात लावू नये.

आणि चुकून कोणाच्या पोटात किंवा अंगावर गेलेच तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. ते विष घशातून फुफ्फुसांत उतरते. दूध, तूप, लिंबू काहीही पाजू नका. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबणाने आंघोळ घाला, घालणाऱ्याने हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवाव्यात. माणूस गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा आणि बाटली बरोबर घ्या. आजींच्या वेळी नाव नसल्यामुळे रुग्णालयातल्या डॉक्टरांना केवळ लक्षणांवरून अंदाज बांधावा लागला.

आजी परवा गुडघ्यासाठी आल्या होत्या. जुनी तुळस त्यांनी मातीसकट काढून टाकायला लावली, आणि बी पेरून आलेले नवे रोप आता वीतभर झाले आहे. "पानं कधीपासून खाऊ?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "नवी माती, नवी कुंडी, औषध नाही, तर आजपासून खा. फक्त धुऊन." सूनबाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कुंडीला कुलूपच लावते आता, डॉक्टर."

आजी हसल्या आणि रक्तदाब पाहायला हात पुढे केला. एकशे चाळीसवर नव्वद. मीठ अजून कमी झालेले नाही.