आजची भाकर, आजची वाट





मागच्या महिन्यात स्त्रियांच्या प्रार्थनासभेत एका बहिणीने मला विचारले, "ताई, देवावर भरवसा ठेवा असे तुम्ही सगळे सांगता. पण सकाळी उठून भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके करायचे काय?" प्रश्न साधा होता आणि मला पटकन उत्तर देता आले नाही. थिऑलॉजीच्या डिप्लोमाच्या परीक्षेत 'ईश्वरी तरतूद' या विषयावर मी तीन पाने लिहिली होती, गुणही बरे पडले होते. त्या तीन पानांतले काहीच या बहिणीच्या कामाचे नव्हते. म्हणून या अंकात तिच्या प्रश्नाचे उत्तर लिहून पाहते.

आमचे सोनगीर मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्याच्या उत्तरेला. किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी यांसाठी गावाचे नाव आहे. आपले काम मात्र गावाच्या कडेच्या आणि आसपासच्या भिल्ल वस्त्यांत चालते. इथल्या घरांचे वर्ष दोन तुकड्यांचे असते. पाऊस असेतो निंदणी-खुरपणी आणि कपाशीची वेचणी, दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड. काही टोळ्या गुजरातेत जातात, काही पश्चिम महाराष्ट्रात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम आधीच येऊन उचल देऊन जातो, आणि उचल घेतली की हंगामाचे पाच-सहा महिने आपले राहत नाहीत. मुलेही बरोबर जातात. शाळेच्या हजेरीपटावर नाव राहते, बाकावर मूल नसते.

गेल्या श्रावणात अशाच एका घरी मी बसले होते. नवऱ्याचा खोकला महिनाभर हटलेला नव्हता, दवाखान्यात पैसे गेले होते. मुलगी आठवीत. मुकादम दोनदा येऊन गेला होता आणि तिसऱ्यांदा उद्या येणार होता. उचल घेतली तर देणे फिटते, पण मुलीची शाळा सुटते, कारण धाकट्या दोघांना फडावर सांभाळायला कोणीतरी हवेच. न घेतली तर शाळा राहते, पण दुकानदार दारात उभा. बाई मला म्हणाली, "ताई, तुम्ही प्रार्थना करतात ना, देवले इचारा काय करू."

मी काय केले ते सांगायला संकोच वाटतो. मी म्हटले, "काळजी करू नका, देव पुरवेल." आणि चहा पिऊन निघाले. घरी येईपर्यंत माझेच शब्द मला टोचत होते. त्याच आठवड्यात आपल्या वसतिगृहासाठी एका ठिकाणाहून यायची रक्कम लांबली होती. किराणा उधारीवर चालला होता आणि मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी राहून मोबाईलवर बँकेचे संदेश बघत होते. स्वतः झोपत नव्हते आणि दुसरीला काळजी करू नको म्हणून सांगून आले होते!

त्या रात्री मी निर्गमचा सोळावा अध्याय पुन्हा वाचला. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळत असे ती गोष्ट लहानपणी संडे स्कूलमध्ये आपण सगळेच ऐकतो. रोज सकाळी त्या दिवसापुरते गोळा करायचे. उद्यासाठी झाकून ठेवलेल्याला किडे पडत. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढे दुप्पट. या वेळी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मान्ना तंबूत येऊन पडत नव्हता. बाहेर जावे लागे, वाकावे लागे, उन्हे चढायच्या आत गोळा करावे लागे, मापून घ्यावे लागे. देव देत होता आणि लोक रोज सकाळी कामही करत होते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण मागतो ती आजची भाकर. वर्षभराचे धान्य त्या प्रार्थनेत मागितलेले नाही.

मार्गदर्शनाचेही असेच आहे असे मला वाटते. स्तोत्र 119 मध्ये देवाच्या वचनाला पावलांजवळच्या दिव्याची उपमा आहे. वस्तीवर वीज गेली की आपण मोबाईलची बॅटरी लावून चालतो. उजेड चार पावलांपुरता पडतो. ती चार पावले टाकली की पुढची चार दिसतात. महामार्गापर्यंतचा सगळा रस्ता आधी दिसू दे, मगच निघेन, असे कोणी म्हणत नाही. पण देवाजवळ आपण बहुतेक तेच मागत असतो.

याचे आपल्याच भाषेतले, आपल्याच राज्यातले मोठे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे नाव आपण मंडळीत नेहमी घेतो, पण त्यांना वाट कशी मिळत गेली हे सावकाश पाहण्यासारखे आहे. 1858 मध्ये जन्म. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली. त्या आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत राहिले. पंजाबात झेलम नदीकाठी थंडीत पांघरायला काही नव्हते, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून रात्री काढल्या. पुढे भाऊ गेला. लग्न झाले आणि 1882 मध्ये पती कॉलऱ्याने गेले. पदरात लहानगी मनोरमा.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायचे म्हणून. हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, हे त्यांना पटलेले होते. हेतू चांगला, तयारी पुरी. पण त्यांना कमी ऐकू येत असे आणि त्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला. त्या दिवशी त्यांना कोणी सांगितले असते की हेच देवाचे मार्गदर्शन आहे, तर त्यांना ते पटले असते का? मला शंका आहे. बंद झालेले दार आपल्याला त्या वेळी बंद दार म्हणूनच दिसते. त्या शिक्षणाच्या कामाकडे वळल्या, अमेरिकेत गेल्या, तिथल्या लोकांनी बोस्टनमध्ये संस्था स्थापून दहा वर्षे मदत द्यायचे कबूल केले, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे ते पुण्याला आले.

आता दहा वर्षे म्हणजे दहाच वर्षे. त्यानंतर काय, हा प्रश्न रमाबाईंना होता, आणि त्या हात जोडून बसल्या नाहीत. पुण्याच्या पूर्वेला, सोलापूरच्या लोहमार्गावर केडगावला त्यांनी जमीन घेतली. फळबाग लावावी, तिच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा हिशेब होता. मला ही गोष्ट फार आवडते. विश्वासाने जगणारी बाई फळांच्या उत्पन्नाचा हिशेब करत होती. दूरदृष्टी आणि विश्वास यांचे भांडण आपणच लावतो.

पण बाग फळाला येण्याआधीच 1896-97 चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात माणसे मरत होती आणि मुली भलत्या हातांत जात होत्या. आपल्याच घरचा दुष्काळ भोगलेल्या रमाबाईंना ते बघवले नाही. एवढ्या मुलींना पोसायचे पैसे हातात नव्हते, तरी त्या गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग होता आणि नव्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना. कुठे ठेवायच्या? केडगावच्या माळावर. उत्पन्नासाठी घेतलेली जमीन आसऱ्याची जमीन झाली. 1900 च्या सुमारास गुजरातेत पुन्हा दुष्काळ पडला, आणि मुक्ती मिशनमधल्या मुली आणि स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. तिथे विणकाम, तेलघाणा, शेती, छापखाना अशी कामे उभी राहिली आणि ती त्याच बायकांनी चालवली.

जमीन घेताना यातले काहीही रमाबाईंना ठाऊक नव्हते. फळबागेचे एक पाऊल दिसले, ते त्यांनी टाकले. बाकीचे पुढे दिसत गेले.

त्यांच्यावर जॉर्ज म्यूलर यांच्या चरित्राचा मोठा प्रभाव पडला होता. म्यूलर म्हणजे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला हजारो अनाथ मुले सांभाळणारे आणि पैशासाठी माणसांपुढे हात न पसरता प्रार्थना करणारे गृहस्थ. आपल्या सभांतून त्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात आणि ऐकणाऱ्याला वाटते की प्रार्थना केली की दारात गाडी येऊन उभी राहते. म्यूलर पै-पैचा हिशेब ठेवून तो छापत असत, हे मात्र सांगायचे राहून जाते.

इथे आणखी एक बाजू मांडते, कारण ती बायकांना चांगली कळेल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा भरवसा जगजाहीर आहे. हातात येईल ते देऊन टाकायचे, उद्याचे उद्या. 1917 मध्ये तर त्यांनी मिशनची नोकरीही सोडली. पण लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना सारखे जाणवते की टिळकांनी सोडलेली काळजी बऱ्याचदा त्यांच्या पदरात पडत असे. घरात पाहुणा आणि डब्यात पीठ नाही, हे कोडे त्यांनी सोडवायचे. त्या ते हसतहसत सांगतात, तो त्यांचा मोठेपणा. आपल्या घरांतही तपासून पाहायला हवे. माझा भरवसा दुसऱ्या कोणाच्या डोक्यावरचे ओझे तर होत नाही ना? 'देव पुरवेल' म्हणून मी त्या घरातून उठून आले तेव्हा तेच झाले होते. माझे मन हलके झाले आणि ओझे त्या बाईकडे तसेच राहिले.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेले. मुकादम यायचा होता. आम्ही आधी प्रार्थना केली, तीही लहान. मग वही काढली. देणे किती, कोणाचे, कोणते थांबू शकते, सगळे मांडले. कधी सगळे एकत्र मांडलेच नव्हते, त्यामुळे डोंगर वाटत होता. मांडल्यावर तो डोंगरच राहिला, पण त्याला चढायच्या वाटा दिसू लागल्या. नवऱ्याला धुळ्याला सरकारी दवाखान्यात दाखवायचे आणि थुंकीची तपासणी करून घ्यायची, हे पहिले ठरले. तपासणी आणि औषध मोफत आहे, हे त्यांना माहीत नव्हते. बाईचा भाऊ तिथेच बसला होता. तो म्हणाला, खोकला थांबला तर मी भाऊजींना आमच्या टोळीत घेतो, अर्धा कोयता म्हणून. उचल निम्मी मिळेल. बाई आणि मुले इथेच राहतील, बाई कापूस वेचायला जाईल. दुकानदाराला निम्मे आता आणि निम्मे होळीला. तो कुरकुरला, पण कबूल झाला.

मुकादमाला हे आवडले नाही. त्याला पूर्ण कोयता हवा होता.

यात आकाशवाणी झाली नाही. आम्हाला मिळालेले मार्गदर्शन म्हणजे एक वही, दवाखान्याची माहिती आणि अचानक बोलता झालेला भाऊ, एवढेच. पण मी त्याला देवाचे मार्गदर्शन म्हणते. रात्री भीतीपोटी त्या नवरा-बायकोला एकच वाट दिसत होती आणि सकाळी तीन माणसे शांतपणे बसल्यावर दुसरी दिसली. माझ्यापुरते मी आता इतके शिकले आहे: निर्णय घेण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी, शास्त्र उघडावे, जाणत्या दोघा-तिघांना विचारावे आणि आकडे कागदावर उतरवावेत. त्यानंतर जे पाऊल दिसते ते टाकावे, मग ते लहान का असेना.

आनंदाचे काय, असे काही जण विचारतील. प्रेषित पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र वाचून पाहा. आनंदाचा उल्लेख पानोपानी येतो आणि लिहिणारा तुरुंगात आहे. सुटका होईल की शिक्षा, हे त्याला लिहिताना माहीत नव्हते. त्याचा आनंद निकालावर टांगलेला नव्हता. वस्तीवर मी हे बघते. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बायका संध्याकाळी उपासनेत टाळ्या वाजवत अशा गातात की छपरावरचा पत्रा वाजावा. सगळे ठीक झाले म्हणून त्या गात नाहीत. वजनकाट्यावर आज किती किलो भरले, याची कटकट गाण्याच्या आधीही असते आणि नंतरही. मधला तास मात्र कोणी त्यांच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

सुरक्षिततेबद्दल तर आणखी जपून बोलायला हवे. देवावर भरवसा ठेवला की संकट येत नाही, असे मी कोणालाही सांगणार नाही. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती काम सोपवायचे होते, ती 1921 मध्ये त्यांच्या आधी गेली. रमाबाईंनी मूळ इब्री आणि ग्रीक भाषांतून साध्या मराठीत करायला घेतलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर तेव्हा हातात होते. ते काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या आणि ते शास्त्र 1924 मध्ये बाहेर आले. दुःखातही दुसऱ्या दिवशी सकाळी कागदापुढे बसता येणे, मी सुरक्षितता म्हणते ती ही.

वसतिगृहाची लांबलेली रक्कम शेवटी आली, दोन महिने उशिरा. तोवर मंडळीतल्या दोन घरांनी ज्वारी आणि तूरडाळ पाठवली. मी रात्री बँकेचे संदेश बघणे कमी केले आहे. बंद केले असे लिहिले तर खोटे होईल.

त्या घरचा खोकला क्षयाचा निघाला नाही. नवरा दिवाळीनंतर मेहुण्याच्या टोळीबरोबर गेला आणि होळीच्या आधी परत आला. उचल पूर्ण फिटली नाही, काही रक्कम अंगावर राहिली आहे. दुकानदाराचे थोडे बाकी आहे. मुलगी नववीत गेली. गणितात कच्ची आहे, म्हणून आपल्या वसतिगृहातल्या मोठ्या मुली शनिवारी तिला शिकवतात.

यंदाही मुकादमाची मोटारसायकल वस्तीवर फिरू लागली आहे. या वेळी चार घरांनी वही घेऊन बसायला बोलावले आहे. पुढच्या मंगळवारी आम्ही जाणार आहोत. त्या चार घरांसाठी आणि विशेषतः त्यांच्यातल्या सहा शाळकरी मुलांसाठी आपण प्रार्थना करावी, ही विनंती.