पाठ, पाठभेद आणि प्रतिमेचे संक्षेपण

हस्तलिखितांच्या व जुन्या ग्रंथांच्या अंकीय प्रती आज तौलनिक अभ्यासकाच्या नित्य वापरात आहेत. पानाची प्रतिमा साठवताना तिचे संक्षेपण कोणत्या रीतीने झाले, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो पाठचिकित्सेचा आहे.

द्विवर्णी प्रतिमेतील प्रत्येक बिंदू काळा किंवा पांढरा, म्हणजे १ किंवा ०, असतो. ३२ × ३२ बिंदूंत बसवलेले एक अक्षर १०२४ बिटांचे, म्हणजे १२८ बाइटांचे होते. १९८० साली प्रमाणित झालेल्या फॅक्सच्या पद्धतीत सुटे बिंदू न नोंदवता सलग काळ्या व सलग पांढऱ्या बिंदूंची संख्या नोंदवली जाते. त्या नोंदीवरून मूळ आकृती बिंदूगणिक परत मिळते. अशा संक्षेपणास येथे ‘अक्षत’ म्हटले आहे. मात्र लहान आकृतीत असे सलग पट्टे आखूड असतात आणि सोबतच्या मापादी नोंदीच बचत खाऊन टाकतात.

म्हणून लहान आकृत्या एकत्रितपणे हाताळणे श्रेयस्कर ठरते. २००० साली प्रमाणित झालेली जेबिग-२ पद्धत पानावरील आकृत्यांचा एक कोश करते आणि पुढे त्या त्या जागी कोशातील क्रमांक नोंदवते. येथे दोन वाटा फुटतात. क्रमांकासोबत प्रत्यक्ष आकृतीचा कोशातील आकृतीहून असलेला फरकही नोंदवला, तर संक्षेपण अक्षत राहते. केवळ क्रमांकावर थांबल्यास ‘जवळजवळ सारखी’ आकृती मूळ आकृतीची जागा घेते. देवनागरीत शिरोरेषेमुळे अनेकदा अख्खा शब्दच एक आकृती ठरतो. मग ‘वाण’ आणि ‘बाण’ यांत अंतर उरते ते एका तिरप्या रेघेचे.

ही भीती काल्पनिक नाही. झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतून निघालेल्या प्रतींत ६ च्या जागी ८ उमटत असल्याचे डेव्हिड क्रिझेल यांनी २०१३ साली दाखवून दिले. लेखनिकाच्या चुकीत खाडाखोड वा वळणातील फरक माग ठेवून जातो. येथे चुकीचे अक्षरही तितकेच स्वच्छ दिसते, आणि संशयास जागाच राहत नाही.

पहिली वाट संहितेसोबत पाठभेद जपणाऱ्या चिकित्सक आवृत्तीची आहे, तर दुसरी पाठभेद मूकपणे पुसणाऱ्या संपादकाची. म्हणून अंकीय प्रतीवरून पाठभेदाचा निर्णय करण्यापूर्वी ती प्रत अक्षत आहे काय, हे संग्रहालयास विचारून घेणे आणि आपल्या टिपेत नमूद करणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.