विमानाची काच आणि रिकामी बाटली

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. पुढच्याच वर्षी, २७ एप्रिल २०१७ रोजी, नांदेड-हैदराबाद विमानसेवा सुरू झाली. पाण्याच्या बाटल्या आणि विमान या दोन गोष्टी माझ्या आयुष्यात अशा लागोपाठ आल्या. त्या एकमेकींच्या उपयोगी पडतील हे कळायला मात्र बी. ए. चे दुसरे वर्ष उजाडावे लागले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी थर्माकोलच्या पातळ शीटपासून मिग-२१ विमानाची प्रतिकृती केली. हेच विमान नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात तयार होत असे आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलाने त्याला चंदीगडला निरोप दिला. माझे मिग तीन फूट लांब. हाताने फेकले की गवतावर बऱ्यापैकी तरंगत जाते. पण वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच, जिला कॅनॉपी म्हणतात, ती कशाची करावी हे सुचेना. तिथे निळा रंग फासून पाहिला, तर विमान आंधळे दिसू लागले.

खऱ्या विमानाची ही ‘काच’ बहुधा काच नसतेच. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानांवर पर्स्पेक्स नावाच्या ॲक्रिलिक प्लास्टिकचे आवरण असे. गोळीबारात ते फुटून त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज नेत्रवैद्याच्या लक्षात आले की, हे कण डोळ्यात वर्षानुवर्षे राहूनही डोळा चिडत नाही. त्यावरून त्याने १९४९ साली लंडनमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात प्रथमच कृत्रिम भिंग बसवले. माझ्या आजीच्या डोळ्यात आज जे भिंग आहे, त्याचे कूळ असे विमानापर्यंत पोचते. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणूनच मला लांबचं नीट दिसतंय.”

असो. आपल्याला ॲक्रिलिक परवडणारे नाही, पण बाटली फुकट मिळते. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो, ती पेट या प्लास्टिकची खूण. १९४१ साली व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन ब्रिटिश संशोधकांनी हा पदार्थ शोधला तो कापडासाठी. आपल्या वडीलमंडळींचे टेरिकॉटचे सदरे याच पदार्थाच्या धाग्याचे. त्याची बाटली करण्याचे पेटंट १९७३ साली नॅथॅनियल वायेथ याला मिळाले. हा प्रसिद्ध चित्रकार अँड्र्यू वायेथ याचा भाऊ. कला शाखेच्या वाचकांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

बाटली मुळात परीक्षानळीएवढी जाड नळी असते. ती तापवून, ताणून, आत हवा भरून फुगवतात आणि ताणलेल्या अवस्थेतच थंड करतात. त्यामुळे प्लास्टिकचे लांबट रेणू ओढलेल्या रबरासारखे अडकून बसतात. पुन्हा सुमारे ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की ते मोकळे होतात आणि बाटली आखडते. बाटलीत उकळता चहा ओतून फजिती झालेल्यांना हे ठाऊक आहेच. आखडताना आत एखादा ठोकळा असेल, तर प्लास्टिक त्याच्या अंगाला घट्ट बसते. सगळी युक्ती एवढीच आहे. गळ्याचा भाग फारसा ताणलेला नसतो, म्हणून तो आखडत नाही. मधला गुळगुळीत भाग तेवढा कामाचा. पाण्याच्या बाटलीला वळ्या असतात आणि ती फार पातळ असते. शीतपेयाची बाटली बरी.

खरे काम ठोकळ्याचे. थर्माकोलचा चालत नाही, उष्णतेने तोच आधी वितळतो. लाकूडच हवे. माझे वडील सुतार. तयार दारे-खिडक्या आल्यापासून त्यांचे काम कमी झाले आहे आणि “आमचं बघून तुला काय मिळणार, तू पुस्तक वाच,” असे म्हणून त्यांनी मला कधी वाकस धरू दिला नव्हता. मी आंब्याच्या लाकडाचा तुकडा मागितला तेव्हा त्यांनी तो कशाला हवा हे विचारले. चित्र दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग मी पटाशी चालवू लागलो, तर म्हणाले, “आरं, लाकडाला वरबाडू नको. रेष बघून सोलत जा.” तो दिवस आम्ही दोघे त्या पाच इंची तुकड्यावर बसून होतो.

ठोकळा हव्या त्या मापापेक्षा खाली अर्धा इंच जास्त उंच ठेवावा, कारण कडेला प्लास्टिक वाकडे बसते. लांबी भरून पॉलिश पेपरने तो आरशासारखा करावा, नाहीतर लाकडाची प्रत्येक रेष काचेत उमटते. बाटलीचे बूड कापून ठोकळा आत सरकवायचा, मागून पाचर ठोकून तो एका बाजूला घट्ट दाबायचा आणि हीट गनने सावकाश तापवायचे. हीट गन मी एका बॅनरच्या दुकानातून तासाभरासाठी मागून आणली. हातात जाड सुती मोजे हवेत आणि खोलीची खिडकी उघडी हवी.

पहिली बाटली मी गॅसच्या शेगडीवर धरली, ती भोक पडून वाया गेली. दुसरी हीट गन फार जवळ धरल्याने दुधासारखी पांढरी झाली. जास्त तापले की रेणू गटागटाने रचले जाऊन स्फटिक होतात, प्रकाश विखुरतो आणि पारदर्शकता जाते. ती परत येत नाही. तिसऱ्या वेळी वडिलांनी पाचर आणखी आत ठोकली, मी गन वीतभर लांबून फिरवत राहिलो आणि सुरकुत्या एकेक करून नाहीशा झाल्या.

पूर्ण थंड झाल्यावर ठोकळ्यावर असतानाच शाईने रेघ आखावी आणि मगच कापावे. झटपट चिकटणाऱ्या डिंकाच्या वाफेने काचेला आतून पांढरा थर येतो, शिवाय थर्माकोलही विरघळते. मी कडा घासून दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली आणि चौकटीच्या जागी काळी टेप.

आत वैमानिक बसवायचा राहिला आहे. ठोकळा वडिलांनी पटाश्यांच्या पेटीत ठेवला आहे. नांदेडला परत निघताना त्यांनी विचारले, “दुसऱ्या विमानाची काच याच मापाची असती का?”